पेस्ट कंट्रोलच्या दिवशी घरातली जनावरं कुठे ठेवता? बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे अनुभव

गणपती जवळ आले की आमच्या बेळगावच्या शहापुरात घरोघरी झुरळांचं औषध मारून घ्यायची घाई उडते. जूनपासून पाऊस लागलेला, भिंतींना ओल, मोरीतून झुरळं वर आलेली. मागच्या वर्षी आम्हीही फवारून घेतलं. भांडी झाकली, पिठाचे डबे माडीवर नेले, सासूबाईंना शेजारी बसवलं. सोनीला, म्हणजे आमच्या मांजरीला, नुसतं बाहेर काढून दार ओढलं. न्हाणीची खिडकी उघडी आहे, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

तासाभराने आत आले तर सोनी ओट्याखाली बसून पंजे चाटत होती. मांजर पंजे चाटतंच, म्हणून मी कामाला लागले. दिवेलागणीला बघते तर तिच्या हनुवटीवरून लाळेची तार लोंबतेय, कान सारखे फडफडतायत, आणि एकेक पंजा उचलून ती झटकतेय, पाणी लागल्यावर झटकतात तसा. मग अंगभर थरथर सुटली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मांजर बघ कसं करालंय!"

डॉक्टरांचा पहिला प्रश्न, औषध कुठलं? मला सांगता येईना. फवारणीवाल्याला फोन लावला, त्याने बाटलीचा फोटो पाठवला. सायपरमेथ्रिन. परमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही त्याचीच भावंडं. माणसाचं किंवा कुत्र्याचं यकृत ही औषधं मोडून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारं विकर फार कमी असतं, त्यामुळे विष अंगात रेंगाळतं. त्याला थेट उतारा नाही. कोमट पाणी आणि भांडी घासायचा साबण घेऊन पंजे, पोट, शेपूट धुतली, मग थरथर थांबायला इंजेक्शनं आणि सलाईन. दोन रात्री ती टॉवेलात गुंडाळून माझ्या मांडीवर होती. वाचली.

ओल्या फरशीवरून चाललेलं मांजर स्वतःचे पंजे चाटूनच विष पोटात घेतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्याकडे काय झालं, औषध कुठलं होतं, काय केलंत, ते इथे लिहा. चुकलं असेल तर तेही लिहा.

निपाणीहून

आमचं उंदरांच्या औषधाचं झालं. शेतातल्या घरी धान्याच्या पोत्यांना उंदरांनी भोकं पाडली म्हणून काळी पावडर भज्यांत घालून कोपऱ्यात ठेवली होती. झिंक फॉस्फाइड. वाघ्याला मळ्यात बांधलं होतं, पण संध्याकाळी पोरांनी सोडला. एक भजी खाल्ली त्याने. आईने घाबरून त्याला वाटीभर दूध पाजलं आणि भाकरी चारली, विष उतरेल म्हणून. आमच्याकडे सगळे हेच करतात.

नेमकं तेच करायचं नसतं. ही पावडर पोटातल्या आम्लाला लागली की तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो, आणि पोटात अन्न पडलं की आम्ल वाढतं. गाडीत त्याने ओकारी काढली तेव्हा लसूण कुजल्यासारखा वास आला. डॉक्टर फोनवरून ओरडले, काचा खाली करा, तो वास माणसालाही मारतो. वाघ्या दवाखान्याच्या पायरीपर्यंत पोचला नाही. नऊ वर्षांचा होता. आईला मी अजून दुधाचं सांगितलेलं नाही.

हिंदवाडी, बेळगाव

उंदराचंच, पण दुसऱ्या जातीचं औषध. शेजारच्या गोदामात निळ्या वड्या ठेवल्या होत्या, ब्रोमॅडिओलोनच्या. आमच्या मुधोळ कुत्र्याने कधी खाल्ली कळलंच नाही, कारण त्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी जिना चढेना. हिरड्या बघितल्या तर पांढऱ्याफटक, आणि नाकातून रक्ताचा थेंब. हे औषध रक्त गोठू देत नाही, पण अंगात आधीचा साठा असतो तोवर जनावर ठणठणीत दिसतं. व्हिटॅमिन के१ हा त्याचा उतारा. चार आठवडे गोळ्या दिल्या, मध्ये बरा दिसला म्हणून थांबवल्या नाहीत. आता अंगणात धावतो.

निपाणीकरांसाठी: आई तुमची, तुम्हीच जाणता. पण दूध पाजणारा हात मायेचा होता.

हुक्केरी तालुक्यातून

माझं माहेर सातारा, लग्न होऊन इकडे आले तेव्हा कानडीचं अक्षर येत नव्हतं. फवारायला आलेला पोरगा कानडी बोलणारा. चपला घालता घालता तो म्हणाला, "नाक तास". मला वाटलं नाक झाकायला सांगतोय. मी नाकाला पदर लावला, तासाभराने घर उघडलं आणि लव्हबर्ड्सचा पिंजरा परसातून आणून खिडकीत टांगला. इकडच्या बोलीकानडीत नाक म्हणजे चार. चार तास थांबा, असं तो सांगत होता.

संध्याकाळी दोन्ही पाखरं पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसली. दांडीवर बसेनात. सकाळी एक गेलेलं होतं. पाखराच्या फुप्फुसाला हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, इवल्याशा अंगाच्या मानाने ते फार हवा ओढतं, म्हणून हवेतलं विष त्याला आपल्याआधी लागतं. आता मी तास किती ते कागदावर आकड्यात लिहून घेते, आणि घड्याळासमोर उभं करून काटा कुठे आल्यावर दार उघडू, हेही विचारते. पाखरांची पाठवणी दुसऱ्या दिवसापर्यंत जावेच्या घरी.

वडगाव

माशांची टाकी चादरीने झाकली होती, हवेचा पंप चालू राहिला. पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. अकरांतले नऊ मासे सकाळी उलटे. फवारणीच्या औषधाचा अंशही माशांना पुरतो. मासे त्यांच्याच पाण्यासकट बादलीतून दुसऱ्या घरी न्यावेत. ते जमणारच नसेल तर टाकीला प्लॅस्टिक घट्ट चिकटवून फवारणीपुरता पंप बंद ठेवावा. चादरीचा उपयोग नाही.

खानापूर तालुक्यातून

आमचं मातीच्या भिंतींचं जुनं घर, आणि खानापूरचा पाऊस. वाळवी वाशांपर्यंत चढली होती. भिंतीच्या कडेने फूट-फूट अंतरावर भोकं पाडून क्लोरपायरिफॉस सोडलं. आतली भोकं सिमेंटने बुजवली, घराबाहेरच्या कडेची माती मात्र भिजलेली आणि उघडी. कुत्रं बांधलेलं, मांजर माडीवर कोंडलेलं, कोंबड्या कुणाच्या लक्षात? कोंबडी ओली माती दिसली की उकरणारच. दोघी दुपारी झोकांड्या खायला लागल्या, चोचीतून लाळ. १९६२ वर, जनावरांच्या फिरत्या दवाखान्याला, फोन लावला. औषध ऑर्गनोफॉस्फेट जातीचं, असं आम्ही बाटलीवरून वाचून दाखवलं म्हणून त्याचा उतारा, अॅट्रोपिन, लगेच द्यायचं ठरलं. एक जगली. अंडी बरेच दिवस खाल्ली नाहीत. विहिरीच्या अंगाला औषध सोडू दिलं नव्हतं, तेवढी बुद्धी झाली.

चिकोडीकडून

म्हशीच्या गोचिडांचं उरलेलं औषध मांजराच्या अंगाला चोळू नका. कुत्र्याचंही नको. एवढंच लिहितो, पुढचं लिहवत नाही.

अनगोळ, बेळगाव

मी हेच काम करतो, बारा वर्षं झाली. वर वाचून दोन रात्री झोप नाही, म्हणून लिहितोय.

फोनवर लोक विचारतात, "बिनवासाचं मारता ना?" वास नाही म्हणजे घर सोडायला नको, असा हिशेब असतो. वास नसला तरी औषध तेच आहे. घरात कोण कोण आहे विचारलं तर माणसं सांगतात, फार तर कुत्रं. जिन्याखालचा ससा, गच्चीवरची कबुतरं, रोज दूध प्यायला येणारी गल्लीतली मांजर कुणी सांगत नाही. ससा असेल तर जरूर सांगा, झुरळांच्या जेलमधलं फिप्रोनिल हे औषध सशाला झेपत नाही, आम्ही दुसरं वापरतो.

डब्यावरचा त्रिकोण बघायला मागा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवासुद्धा विषाचाच रंग आहे. नुसती झुरळं असतील आणि घरात जनावर असेल तर मी जेल सुचवतो. बिजागरीत, फ्रिजच्या मागे, ओट्याच्या सांदीत मुगाच्या दाण्याएवढे ठिपके. घर रिकामं करावं लागत नाही. पण त्यावर फवारा मारू नका, झुरळं जेलकडे फिरकत नाहीत, मग लोक म्हणतात जेल कुचकामी.

आणि मांजराच्या घरात फवारणी झालीच, तर फरशी पूर्ण वाळल्यावर मधला भाग पाण्याने दोनदा पुसून घ्या. कडा सोडा, झुरळं कडेनेच चालतात. खाण्यापाण्याची ताटली, अंथरूण, वाळूचा ट्रे आधीच बाहेर काढा. हे आम्ही सांगायला हवं. घाईत राहून जातं, आता नाही राहणार.

पुन्हा शहापूर

अनगोळचे दादा, तुमचं वाचून बरं वाटलं. आमच्याकडे परवा परत माणूस येणार आहे, जेल ठरवलंय. औषधाच्या नावाची चिठ्ठी फ्रिजवर लावायची, डॉक्टरांचा नंबर तिच्याच खाली. न्हाणीची खिडकी आज सकाळी मीच खिट्टी घालून बघितली. बसत नव्हती, सुतार बोलावलाय. सोनी उद्या रात्रीच मावशीकडे जाईल, पिशवीत बसायला ती फार ओरडते, तरी.

चिकोडीचे, जमेल तेव्हा लिहा.