चित्रकादंबरीतल्या नगरीत पाणी कुठून येतं?

गोदाकाठ, नांदेड:
विज्ञानकथा, अद्भुतकथांच्या चित्रकादंबऱ्यांत तीन चंद्र नि तरंगते महाल कुणीही काढतं. माझी परीक्षा एकच: तिथली माणसं पाणी कुठून पितात? जपानी चित्रकार हायाओ मियाझाकीची 'नौसिका' बघा, १९८२ ते १९९४ क्रमशः आलेली. जगभर विषारी बुरशीचं जंगल माजलंय, लोक तोंडाला मुखवटे लावून फिरतात. नायिका तीच रोपं तळघरात गुपचूप चांगल्या पाण्यावर वाढवते, तर ती बिनविषारी निघतात! विष जंगलात नाही, मातीत आहे. त्या एका शोधावर पुढची सगळी लढाई फिरते. बाकीच्यांची दुनिया म्हणजे नुसता रंगवलेला पडदा.

उनाड_कुंचला, परभणी:
काय राव, पाण्याचा हिशोब लावायचा तर तहसीलमध्ये बसा की! फ्रेंच चित्रकार मोबियसची चित्रकथा 'आर्झाक' १९७५ची. एक शब्द नाही त्यात. उंच टोपीवाला एक स्वार, चामड्यासारख्या कातडीच्या अजस्र पाखरावर बसलेला, खाली ओसाड माळ. पाखरू काय खातं, कुणी विचारलं? तरी पान उलटवत नाही हात. नियम सांगितला की गंमत गेली.

लातूरकर:
गोदाकाठांच्या बाजूनं. एप्रिल २०१६ला मिरजेहून रेल्वेनं आमच्याकडं पाणी आलं. त्याआधी टाक्यांपाशी जमावबंदी लागलेली. आता हे पान डोळ्यासमोर आणा: फलाटाला लागलेले टँकरचे डबे, बाहेर पाण्याच्या टाकीला पोलिसांचा पहारा, नि गल्लीत नावं घालून ठेवलेल्या घागरींची रांग. घागरी आहेत, माणूस एक नाही. एवढं काढलं की कुठल्याही परग्रहावर गोष्ट चालते.

उनाड_कुंचला:
ती बातमी झाली, कल्पना नाही. वेरूळचं सोळा नंबरचं लेणं, कैलास, बघा. आठव्या शतकात कुणीतरी म्हणालं, देऊळ वरून खाली कोरू. आधी शिखर, मग गाभारा, जोतं शेवटी. हिशोबी माणसाला सुचलं असतं का हे?

गोदाकाठ, नांदेड:
हिशोबी माणसालाच सुचलं! हत्तीची सोंड चुकून उडाली तर परत जोडायला दगड कुठून आणणार? नियम कडक म्हणून तर अद्भुत आहे ते. (आर्झाक भारी आहे, वाद नाही. पण लहान आहे. तसली दोनशे पानं काढून दाखवा.)

शाई_संपली, संभाजीनगर:
मी स्वतः काढतो म्हणून बोलतो. जपानी चित्रकार ओतोमोच्या 'अकिरा' या चित्रकादंबरीत दोन हजारांवर पानं आहेत नि त्यातल्या निओ-टोकियो या काल्पनिक शहराच्या भिंतीवरच्या तारा, नळ्या, फुटक्या काचासुद्धा सोडलेल्या नाहीत. कुणी पाणी पिताना दाखवलं नाही तरी शहर खरं वाटतं. भाषणात नियम सांगितला की वाचक जांभई देतो, नळीत दाखवला तर कळतही नाही. वेरूळवर पाच पानं काढायला घेतलीत, तिसऱ्यावर अडकलोय. वरून खाली कोरत आले ते ठीक, पण फोडलेला दगड गेला कुठं?

उनाड_कुंचला:
पाखरानं नेला म्हणा.

गोदाकाठ, नांदेड:
मग आता त्या पाखराला पाणी कुठलं?