संगीत नाटक लिहायला आधी केस पांढरे व्हावे लागतात का?

ऐरोलीची
काल इथे एका ज्येष्ठांची पोस्ट होती: "चार पोरं कॅफेत बसून म्युझिकल लिहितात. संगीत नाटक ही कमिटीनं लिहायची गोष्ट नाही. आधी दहा वर्षं पदं म्हणा, मग लेखणी उचला." खाली भराभर 'अगदी खरं' पडत गेलं. मला राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय.

आम्ही चौघं आहोत. दोघं लिहितो, एकजण चाली लावते, एकजण बसवतो. कॅफे परवडत नाही. सोसायटीच्या हॉलमध्ये बसतो, वॉचमन दिवे घालवेपर्यंत. नाटक ठाणे-वाशी लोकलमध्ये रोज भेटणाऱ्या दोन मैत्रिणींचं आहे. आधी मी गाणी घरून लिहून आणायचे. एका गाण्यात ओळ होती, 'अजून मी तिथेच उभी'. चालवालीनं शेवटचा सूर तार सप्तकात नेला आणि 'भी'वर गाणारीचा आवाज चिमटला. ती म्हणाली, "मला इथं आकार दे, म्हणजे 'आ'नं संपणारा शब्द." बरंच शोधून 'निघून जा' सापडलं. पण मग वाट बघणारी मुलगी मैत्रिणीला हाकलणारी झाली! पुढचा भांडणाचा प्रवेश गाण्यातच उरकला, म्हणून दीड पान संवाद कापले. नाटक तिथं सुधारलं. हे मला एकटीला घरी बसून कधीच सुचलं नसतं. चालवाली शेजारी होती म्हणून झालं.

आणि वयाचं काय? 'महानिर्वाण' हे नाटक १९७४ साली आलं तेव्हा ते लिहिणारे सतीश आळेकर पंचविशीत होते. संगीत देणारे आनंद मोडक त्यांच्याहूनही लहान. कीर्तन-अभंगाचा बाज त्यांनी बेधडक वापरला. ते दहा वर्षं थांबले असते तर?

पायपेटी
पोस्ट माझीच. 'महानिर्वाण'चा लेखक एकच आहे, मॅडम. संगीतकार वेगळा असतो हे कोण नाकारतंय? मी सहलेखनाबद्दल बोललो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली 'सौभद्र' आणलं. संहिता त्यांची, पदं त्यांची, बसवलं त्यांनी. एका डोक्यातून आलं म्हणून आजही उभं आहे. साकी आणि दिंडी ही जुन्या पदांची वृत्तं. तुमच्या चौघांपैकी कोणाला ती वेगळी करता येतात?

आणि खरं दुखणं वेगळंच आहे. हल्ली सगळं ट्रॅकवर, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेल्या साथीवर चालतं. पेनड्राइव्ह खोचायचा आणि जाहिरातीत 'संगीत' छापायचं.

घणसोलीकर
काका, 'सौभद्र'चं जुनं पुस्तक उघडा. पदाच्या डोक्यावर 'चाल अमुक' असं छापलेलं असतं. म्हणजे चाल आधीच लोकांच्या कानात होती, शब्द तिच्यावर बसवले. पुढे 'मानापमान'ला १९११ मध्ये गोविंदराव टेंबे, 'स्वयंवर'ला १९१६ मध्ये भास्करबुवा बखले. दोन्ही नाटकं खाडिलकरांची, आणि त्यांच्या शेजारी चालीचा माणूस होताच. मग आमच्या शेजारी असला तर कमिटी कशी होते?

ट्रॅकचं म्हणाल तर, तो नको म्हटलं की वाजवणारी माणसं आली: पेटी, तबला, साइड ऱ्हिदम, महिनाभर तालमी. प्रत्येकाला मानधन, रात्री उशिरा सुटलं की रिक्षा. नोकरीच्या पहिल्या वर्षी हे खिशातून काढून दाखवा.

तलावपाळी
ट्रॅकवर काका बरोबर आहेत. मी गाते, म्हणून सांगते. एका प्रयोगाला माझा घसा बसला होता. गाण्याची पट्टी, म्हणजे ज्या सुरावरून गायचं तो, काळी चार. पेटीवाला असता तर माझ्याकडे एकदा बघून निमूट काळी तीनवर, एक पट्टी खाली, उतरला असता. ट्रॅक उतरला नाही, मी किंचाळले. त्याच प्रयोगात माझ्या सहकलाकाराची एंट्री उशिरा झाली. ट्रॅक थांबतो का? त्याचा पूर्ण अंतरा मोकळ्या रंगमंचावर वाजला. लोक हसले. आम्ही विंगेत रडत होतो.

घणसोलीकर
ताई, लॅपटॉपवर पट्टी एका बटणानं उतरते.

तलावपाळी
बटण दाबणार कोण? तो मुलगा तेव्हा लाइटही सांभाळत होता. गायलात का कधी उभं राहून? मग मला बटणं शिकवू नका.

घणसोलीकर
गायलो नाही, म्हणून तोंडही उघडू नये? हेच ते. ठाण्यात कुठलाही विषय काढा, शेवटी 'तू कोण' वर येतो.

पायपेटी
भांडू नका. ट्रॅकला दम नसतो. नट एका शब्दावर रेंगाळला की साथीदार तालाचं एक आवर्तन जास्त भरतो. वन्समोअर आला तर दुसऱ्यांदा वेगळं वाजवतो. मी उमेदीची वर्षं ऑर्गनवर काढली आहेत. आता नाट्यसंगीताच्या मैफलीला बोलावतात, शाल देतात. तालमीला कोणी बोलावत नाही. नवीन नाटकाच्या तालमीला तर नाहीच. याचा राग येतो, आणि येणारच.

कोपरी_पूल
मूळ विषयावर येतो. सहलेखन गाण्यात अडत नाही, नावात अडतं. आमच्या ग्रुपनं एका स्पर्धेत एकांकिका टाकली. अर्जात लेखकाचा रकाना एकच. ज्यानं अर्ज भरला त्याचं नाव गेलं, बक्षीसही त्यालाच मिळालं. ग्रुप तिथंच फुटला. कोणी वाईट नव्हतं, फक्त आधी काही ठरलं नव्हतं.

तेव्हा पहिल्या तालमीआधी कागद करा. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा गाण्याचे शब्द आणि चाल वेगवेगळी धरतो. शब्दांचा हक्क गीतकाराचा, चालीचा संगीतकाराचा. संवाद दोघांनी मिळून लिहिले आणि कोणता भाग कोणाचा ते वेगळं काढता येत नसेल, तर ती संहिता दोघांची संयुक्त. उद्या एकजण पुण्याला नोकरीला गेला तर प्रयोग करायची परवानगी कोण देणार, हेही त्यात लिहा. मैत्रीत कागद कशाला, असं म्हणणाऱ्यांची मैत्री मी तुटताना पाहिली आहे.

ऐरोलीची
कागदाचं पटलं, या रविवारी करतोय.

पायपेटीकाका, तुम्ही एका धाग्यात दोन गोष्टी म्हणताय. नव्या पोरांनी लिहू नये, आणि नव्या नाटकाच्या तालमीला मला कोणी बोलावत नाही. नवं लिहिलंच गेलं नाही तर तालीम कुठली? 'सौभद्र'ची साथ करणारे ठाण्यात अजून आहेत. आमच्या लोकलच्या गाण्याची साथ कोणालाच पाठ नाही, कारण ते अजून पूर्ण व्हायचंय. 'पुढील स्टेशन रबाळे' ही उद्घोषणा आम्ही ध्रुवपदात घेतली आहे. ती सात मात्रांत बसते की आठ, यावर आमच्यात रोज वाद होतो. या वादात ऑर्गनवाला माणूस हवा आहे. मानधन फार देता येणार नाही, पण देऊ.

पायपेटी
सात मात्रांत घेऊ नका, ओढाताण होईल. केरव्यात आठ ठेवा आणि 'रबाळे' समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणा. आणि तुमच्या त्या 'भी'चं सांगतो. तार सप्तकात ईकार धरता येतो. गळा तयार नाही म्हणून शब्द बदललात, ही पळवाट आहे. कमिटीबद्दलचं माझं मत तेच आहे.

ऐरोलीची
ती गायिका नाही, नटी आहे. बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेला तिचा शब्द कळला पाहिजे. तयार गळ्याची मुलगी मिळेपर्यंत आम्ही नाटक थांबवणार नाही. 'निघून जा'च राहील. आठ मात्रा करून बघतो. हॉल शनिवारी सात वाजता उघडतो, ऐरोली स्टेशनवर घ्यायला येऊ.

तलावपाळी
काका जाणार असतील तर मीही येते. गाणाऱ्या मुलीची पट्टी आधी कळवा.