डॉजर्स २०२६: सासाकी रोटेशनमध्ये की बुलपेनमध्ये?

निळीटोपी

स्प्रिंग ट्रेनिंग (सीझनआधीचा सराव) सुरू झालंय, ॲरिझोनातून रोज कोणाचा तरी बुलपेन सेशनचा व्हिडिओ येतोय आणि मला एकच प्रश्न छळतोय, आपल्या लॉस एंजेलिस डॉजर्स बेसबॉल टीमच्या जपानी पिचरचं, सासाकीचं, नक्की करायचं काय? मॅच सुरू करणाऱ्या स्टार्टरांच्या पाळीत, म्हणजे रोटेशनमध्ये, ठेवायचा की मागून येणाऱ्या रिलीव्हरांच्या, म्हणजे बुलपेनमध्ये?

मागचं वर्ष आठवा. टॅनर स्कॉटला ४ वर्षांचे ७२ मिलियन डॉलर मोजून आणला आणि त्याने १० सेव्ह (पुढे असताना मॅच राखून संपवणं) घालवले. सप्टेंबरमधली ती बाल्टिमोरची मॅच तर आठवली तरी डोकं फिरतं. आपला यामामोतो नो-हिटरपासून (समोरच्यांना एकही हिट न देणं) एक आउट लांब, त्यांच्या हॉलिडेने होमर (बॉल थेट मैदानाबाहेर) मारला, ठीक आहे, होतं असं, अजून ३-१ ने पुढे आहोत, एक आउट फक्त एक आउट पाहिजे, आणि ट्रायनन आणि स्कॉट मिळून ती मॅच ४-३ ने घालवतात! मग खांद्याच्या दुखण्यातून उठून आलेला सासाकी ऑक्टोबरात शेवटच्या इनिंग टाकायला लागला आणि आपला जीव भांड्यात पडला. १०० मैलांचा फास्टबॉल आणि त्याच्या मागून तो खाली गडप होणारा स्प्लिटर. प्लेऑफमध्ये फिलीजविरुद्ध (फिलाडेल्फिया) चौथ्या मॅचला तीन इनिंग, नऊ बॅटर, नऊ आउट.

आणि आता फ्रंट ऑफिस म्हणतंय की २०२६ मध्ये तो परत स्टार्टर. क्लोजर (शेवटची, नववी इनिंग टाकणारा) म्हणून एडविन डियाझ आणलाय, ३ वर्षं, ६९ मिलियन. डियाझबद्दल तक्रार नाही. पण कर्शॉ रिटायर झाला तरी यामामोतो, स्नेल, ग्लासनाउ, ओहतानी, शीहन असे पाच जण आहेतच की. सासाकी आठवीला, डियाझ नववीला, समोरच्या टीमला मॅच सात इनिंगचीच उरते. चांगली बसलेली घडी मोडायची कशाला? तुम्हाला काय वाटतं?

स्प्लिटरवेडा

पाच जण कागदावर आहेत रे. मागच्या वर्षी स्नेलचे ११ स्टार्ट आणि ग्लासनाउचे १८, दोघांचे मिळून २९. एकट्या यामामोतोचे ३०. १६२ इनिंगच्या वर जाणारा आपल्याकडे तो एकटाच होता. ओहतानी जूनमध्ये माउंडवर (पिचिंगला) आला, ४७ इनिंग टाकल्या. शीहन टॉमी जॉन (कोपराच्या) सर्जरीतून आलेला. त्यामुळे पाच आहेत म्हणून सहावा नको हे गणितच मला कळत नाही, जुलैपर्यंत आपल्याला आठवा सुद्धा लागतो, दर वर्षी लागतो.

दुसरं म्हणजे सासाकी २४ वर्षांचा आहे. पंचविशीच्या आत अमेरिकेत आला म्हणून साडेसहा मिलियनच्या साइनिंग बोनसवर मिळाला, पुढची बरीच वर्षं तो आपल्या ताब्यात आहे. असा पोरगा वर्षाला ६०-६५ इनिंग टाकायला ठेवायचा? चांगला स्टार्टर १५० टाकतो. जपानमध्ये चिबा लोट्टेकडून २०२२ मध्ये परफेक्ट गेम (एकही बॅटर बेसवर नाही) टाकलाय त्याने, १९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), त्यातले १३ लागोपाठ. तेव्हा तो वीस वर्षांचा होता!

खरी अडचण वेगळीच आहे. त्याच्याकडे दोनच पिच (बॉलचे प्रकार) भरवशाची आहेत. एका इनिंगला दोन पुरतात, बॅटरने त्या रात्री ते पाहिलेलंच नसतं. स्टार्टरला तोच बॅटर दुसऱ्यांदा भेटतो, तिसऱ्यांदा भेटतो, आणि तोपर्यंत स्प्लिटर सोडून द्यायचा आणि फास्टबॉलची वाट बघायची हे त्याला कळलेलं असतं. मागच्या एप्रिल-मेमध्ये नेमकं हेच झालं, वरून वेग ९६ च्या आसपास उतरलेला आणि वॉकवर वॉक (चार चुकीचे बॉल, बॅटरला फुकट बेस). म्हणजे तिसरं पिच पाहिजे. ते शिकायचं कधी? आत्ता मार्चमध्ये, रिझल्टला काडीची किंमत नसताना. बुलपेनमध्ये टाकलास तर ते पिच तो कधीच शिकणार नाही कारण तिथे त्याची गरजच पडत नाही.

क्रोशे बघ ना. व्हाइट सॉक्सकडे रिलीव्हर होता, २०२४ ला स्टार्टर केला, २०२५ मध्ये बॉस्टनकडून २५५ स्ट्राइकआउट, सगळ्या मेजर लीगमध्ये सर्वात जास्त.

नववीइनिंग

क्रोशेचं उदाहरण सगळे देतात. जे रिलीव्हर स्टार्टर व्हायला गेले आणि खांदा-कोपर घेऊन परत आले त्यांची यादी कोणी देत नाही.

मी जुन्या वळणाचा माणूस आहे, सरळ सांगतो. रिलीव्हरला आपली इनिंग माहीत पाहिजे. सहाव्या इनिंगला फोन वाजला की कोणी उठायचं, कोणी बसून राहायचं, हे ठरलेलं असलं की माणूस बरोबर वेळेला वॉर्म-अप करतो. रोज रात्री तिघांना उगाच उठवून बसवलं तर ऑगस्टपर्यंत त्यांचे हात मेलेले असतात, आणि ते वॉर्म-अपचे बॉल कुठल्याही स्टॅट्समध्ये दिसत नाहीत. ओकलंडचा मॅनेजर ला रुसाने १९८८ मध्ये एकर्स्लीला फक्त शेवटची इनिंग दिली, त्याने ४५ सेव्ह काढून दिले. मूळचा स्टार्टर होता तो. (त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे सीझनच्या फायनलच्या, पहिल्या मॅचला आपल्या गिब्सनने त्याला काय होमर मारला ते डॉजर्सवाल्यांना सांगायला नको.) स्मोल्ट्झचं पण तेच. टॉमी जॉननंतर ब्रेव्ह्जने त्याला बुलपेनमध्ये घेतला, २००२ मध्ये ५५ सेव्ह, आणि २००५ मध्ये परत स्टार्टर. म्हणजे क्लोजर झालास की जन्माचा क्लोजर असं काही नसतं.

सासाकीचा खांदा गेल्या वर्षी दुखावलेला आहे. यंदा बुलपेन, पुढच्या वर्षी स्टार्टर, एवढा धीर धरायला काय हरकत आहे? आपला पिचिंग कोच मार्क प्रायर आहे, त्याला हे कोणी सांगायला नको. २००३ ला कब्जकडून १८ मॅच जिंकला आणि पंचविशीत त्याचं मेजर लीग करिअर संपलं.

लीव्हरेज_लक्ष्मण

काका, प्रायर बिचारा २११ इनिंग टाकून बसला होता त्या वर्षी, आणि वर प्लेऑफ. आज कोणी पोराला तसं राबवत नाही.

आणि "आपली इनिंग" या प्रकारावर माझा जुना राग आहे. सेव्ह ही १९६९ पासूनची अधिकृत नोंद आहे, पुढे असायला पाहिजे आणि शेवटचा आउट काढायला पाहिजे एवढाच त्याचा गाभा. त्या एका नोंदीसाठी मॅनेजर लोक सगळ्यात चांगला हात नवव्या इनिंगसाठी झाकून ठेवायला लागले. २०१६ ची वाइल्ड कार्ड (हरलात की बाहेर) मॅच आठवा, बाल्टिमोर ओरिओल्स टोरंटोला, त्यांच्या क्लोजर ब्रिटनचे ४७ पैकी ४७ सेव्ह, ईआरए (दर नऊ इनिंगला पिचरच्या खात्यावर सरासरी रन) ०.५४, आणि तो बुलपेनमध्ये बसलेलाच राहिला कारण लीड मिळाली की आणू असं मॅनेजर शोवॉल्टरचं चाललेलं. लीड आलीच नाही. अकराव्या इनिंगला उबाल्डो हिमेनेझला एन्कार्नासिओनने तीन रनचा होमर मारला, सीझन संपला. त्याच ऑक्टोबरात फ्रँकोनाने क्लीव्हलँडकडून अँड्र्यू मिलरला पाचवी असो सातवी असो जिथे आग लागली तिथे टाकला आणि वर्ल्ड सिरीजच्या सातव्या मॅचपर्यंत गेला.

म्हणून डियाझ नववीला, सासाकी आठवीला ही पाटी आधीच का लावायची? समजा सातव्या इनिंगला एक रनची लीड आहे आणि समोरच्यांचे दोन, तीन, चार नंबर (सगळ्यात तगडे बॅटर) येतायत, तर मॅच तिथेच जिंकायची की हरायची ते ठरतं. नवव्याला सात, आठ, नऊ नंबर आले तर ते आपला रिलीव्हर ड्रायर पण काढेल.

आता मूळ प्रश्न. रोस्टर २६ चं, त्यात पिचर जास्तीत जास्त १३. बाकी टीमने सहा स्टार्टर ठेवले की बुलपेनला सात उरतात. ओहतानी टू-वे (पिचर आणि बॅटर दोन्ही) म्हणून नोंदलेला असतो, तो या १३ मध्ये मोजलाच जात नाही. म्हणजे पाच स्टार्टर अधिक ओहतानी, आणि तरी बुलपेनमध्ये आठ! हा फायदा आपल्याला फुकट मिळालाय, तो सोडून पाचचं रोटेशन ठेवणं म्हणजे वेडेपणा. यामामोतो आणि सासाकी दोघांना जपानमधल्या आठवड्याला एका स्टार्टची सवय आहे, ओहतानीला रोज बॅटिंगही करायचीय. सहाचं रोटेशन आपल्या पिचरांच्या मापाचं शिवलेलं आहे. सासाकी स्टार्टर, विषय संपला.

नवखा_प्रेक्षक

मी मागच्या ऑक्टोबरपासूनच बघायला लागलोय त्यामुळे बावळट प्रश्न असेल तर हसू नका. क्रिकेटमध्ये बुमराहला कॅप्टन सुरुवातीला दोन ओव्हर देतो, मग काढतो आणि शेवटी परत आणतो. सासाकीला किंवा डियाझला असं का नाही वापरत? पहिली इनिंग टाक, बस, नववीला ये.

स्प्लिटरवेडा

बाहेर काढलेला खेळाडू त्या मॅचमध्ये परत येऊच शकत नाही, नियम आहे. एकदा बदलला की संपलं. म्हणून तर एवढी डोकेफोड चाललीय इथे. आणि २०२० पासून आलेल्या रिलीव्हरला कमीत कमी तीन बॅटर खेळवावे लागतात, किंवा इनिंग संपवावी लागते. एका डावऱ्या बॅटरपुरता आपल्या डावऱ्या वेसियाला आणायचा आणि लगेच काढायचा हे दिवस गेले.

पहिल्या इनिंगला रिलीव्हर टाकून मग खरा "स्टार्टर" आणायचा हे मात्र करतात, त्याला ओपनर म्हणतात. २०१८ मध्ये टँपा बेने सर्जिओ रोमोपासून सुरू केलं. गरीब टीमचा जुगाड, आपल्याला गरज नाही.

नवखा_प्रेक्षक

मग ओहतानीच क्लोजर का नाही? २०२३ च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकच्या (देशांची स्पर्धा) फायनलचा व्हिडिओ पाहिला, अमेरिकेच्या ट्राउटला शेवटी स्ट्राइकआउट केला तो. अंगावर काटा आला राव.

लीव्हरेज_लक्ष्मण

काटा सगळ्यांनाच आला. पण नियमाची गोची आहे. ओहतानीने स्टार्ट केली आणि मग पिचिंगमधून काढला तर तो डीएच (फक्त बॅटिंग करणारा) म्हणून खेळत राहू शकतो, २०२२ पासून तसा नियमच आहे. तो फक्त स्टार्टरला लागू. मधूनच रिलीव्हर म्हणून आणला की डीएचची जागा गेली, आणि मग त्याला माउंडवरून काढायचा तर आउटफिल्डमध्ये उभा करा नाहीतर त्याची बॅट पण गेली. वर बुलपेनमध्ये वॉर्म-अप करत असताना त्याचीच बॅटिंग आली तर? एका फायनलपुरतं ठीक आहे, १६२ मॅचला नाही. मागच्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या मॅचला आपला मॅनेजर रॉबर्ट्सने त्याला स्टार्टच दिली ती याच कारणाने असं माझं मत. टोरंटोच्या बिशेटने तीन रनचा होमर मारला त्याला, पण बॅट शेवटपर्यंत लाइनअपमध्ये राहिली.

निळीटोपी

सातवी मॅच काढलीसच आहेस तर माझाच मुद्दा पक्का होतो. त्या रात्री कोण कोण आलं बघ. ओहतानी, रोब्लेस्की, ग्लासनाउ, शीहन, स्नेल, यामामोतो. सहा जण, त्यात बुलपेनचा कायमचा माणूस एकही नाही! यामामोतोने आदल्या रात्री ९६ पिच टाकले होते आणि परत येऊन शेवटचे आठ आउट काढले. त्याच आदल्या रात्रीच्या सहाव्या मॅचला नववीत ग्लासनाउने तीन पिचमध्ये काम तमाम केलं. म्हणजे आपण वर्ल्ड सिरीज जिंकलो ती स्टार्टरना बुलपेनमध्ये वापरून. का? बुलपेनवर रॉबर्ट्सचा भरवसा उरला नव्हता म्हणून. हे दर वर्षी नाही जमत, यामामोतोचा हात लोखंडाचा नाहीये. त्यापेक्षा एक जबरदस्त हात आधीपासूनच तिथे ठेवा ना.

स्प्लिटरवेडा

अरे मग उलटाच निष्कर्ष निघतो. स्टार्टरला ऑक्टोबरात रिलीव्हर करता येतं, एका आठवड्यात करता येतं, सासाकीनेच करून दाखवलं. रिलीव्हरला ऑक्टोबरात स्टार्टर करता येत नाही, त्याचा हात ८०-९० पिचला तयारच नसतो. म्हणून एप्रिल ते सप्टेंबर जेवढे स्टार्टर वाढवता येतील तेवढे वाढवायचे, आणि प्लेऑफला चारच स्टार्टर लागतात तेव्हा उरलेले मागे पाठवायचे.

नववीइनिंग

हे मात्र मला पटलं, स्टार्टरचा हात एकदा सोडला की मध्येच परत धरता येत नाही. पण डियाझला नववी इनिंगच द्या, त्यात काही प्रयोग करू नका. मेट्सकडे मागच्या वर्षी १.६३ ईआरए, २८ सेव्ह, बरोबर चाललेल्या माणसाला हात लावू नये. आणि यंदा पुन्हा वर्ल्ड क्लासिक आहे, २०२३ ला प्वेर्तो रिको जिंकल्यावर उड्या मारताना गुडघा गेला होता त्याचा, अख्खा सीझन बुडाला, तेव्हा जिंकलास तर कृपा करून जागेवर उभा राहून टाळ्या वाजव म्हणावं.

लीव्हरेज_लक्ष्मण

😂 काका, डियाझपुरतं मान्य. माझी काळजी सातवी-आठवीची. स्कॉटला आता क्लोजरचं ओझं नाही, त्याला डावऱ्यांच्या घोळक्यात टाकला तर तो वाईट पिचर नाहीये. वेसिया आहेच. उजव्या हाताचा रिलीव्हर कोण पण? ट्रायननवर मी पैसे लावणार नाही.

आणि अजून एक, स्टार्टरला पाचव्यात काढायची घाई नको. स्नेल टँपाला असताना २०२० च्या वर्ल्ड सिरीजमध्ये आपल्याविरुद्ध सहाव्या मॅचला त्यांचा मॅनेजर कॅशने त्याला ७३ पिचवर काढला, नऊ स्ट्राइकआउट असताना, लगेच आपल्या बेट्सने डबल मारला आणि ट्रॉफी आपल्याकडे आली. तेव्हा आपण नाचलो, आता तोच स्नेल आपल्याकडे आहे.

निळीटोपी

उजवा कोण हेच तर मी पहिल्यापासून विचारतोय आणि तुम्ही सगळे सासाकीला तिथून उचलून नेताय!

बरं, एक तडजोड. एप्रिल-मे रोटेशनमध्ये ठेवा. तिसरं पिच जमलं, वॉक कमी झाले, तर मी गप्प. जून उजाडला तरी चौथ्या इनिंगला ९० पिच होत असतील तर आठवी इनिंग त्याची, आणि रोटेशनमध्ये गॅव्हिन स्टोन किंवा रिव्हर रायन, ज्याचा हात तोपर्यंत बरा असेल तो.

स्प्लिटरवेडा

जून नको, ऑल-स्टार ब्रेकपर्यंत (जुलैमधला) दे. दुखापतीतून आलेल्याला आठ-दहा स्टार्ट तर लयीत यायलाच लागतात. आणि तोपर्यंत उजवा पाहिजेच असेल तर विल क्लाइन. वर्ल्ड सिरीजच्या तिसऱ्या मॅचला, १८ इनिंगच्या, शेवटच्या चार इनिंग शून्य रन देऊन टाकल्यात त्याने, फ्रीमनचा होमर येईपर्यंत. सगळे विसरले त्याला.

नववीइनिंग

क्लाइनला एक चांगली रात्र मिळाली, एवढंच. आठवीला मे महिन्यात बघू टिकतो का ते.