मदत हवी आहे: मुलाचं कॉलेज बास्केटबॉल रिक्रूटिंग (इंडियाना), शुक्रवारपर्यंत ठरवायचंय

सायली_इंडी
नमस्कार मंडळी. घाईत आहे, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. मुलगा हायस्कूलला ज्युनियर (अकरावीत) आहे, बास्केटबॉल खेळतो आणि कॉलेजातही खेळायचंच म्हणून हटून बसलाय. एक रिक्रूटिंग सर्व्हिस हात धुऊन मागे लागलीय. हायलाइट व्हिडिओ, प्रोफाइल, 'शेकडो कोचेसना' मेल असं पॅकेज आहे, किंमत चार आकडी आणि सवलत शुक्रवारपर्यंतच. एएयूचा (शाळेबाहेरच्या क्लब टीमचा) कोच म्हणतो घ्या. शाळेचा कोच म्हणतो पैसे वाचवा आणि डी-थ्री (कॉलेज खेळाचा तिसरा स्तर) बघा. नवरा म्हणतो तू ठरव. दरम्यान बिग टेनमधल्या (वरच्या स्तरावरची मोठी कॉलेज लीग) एका युनिव्हर्सिटीकडून एलिट कॅम्पचं बोलावणं आलंय, चक्क त्याच्या नावाने. म्हणजे त्यांनी त्याला कुठेतरी पाहिलंय ना? मग डी-थ्री कशाला? शिवाय आम्ही इन-स्टेट आहोत, त्याचा फायदा असणारच.
पॅकेज घ्यावं की नाही, एवढंच सांगा. आणि प्लीज क्रिकेट सुचवू नका.

हूजियर_काका
उंची? पोझिशन? जीपीए? व्हर्सिटीत (शाळेच्या मुख्य टीममध्ये) किती मिनिटं मिळतात? एएयू टीम कुठल्या सर्किटवर आहे, ईवायबीएल, थ्री-एसएसबी असल्या मोठ्या, की आपली शनिवार-रविवारची लोकल? यातलं काहीच माहीत नसताना घ्या किंवा नको सांगायला मी काय पंचांग उघडून बसलोय?

खवचट_खान
क्रिकेट नको म्हणालात म्हणून गप्प आहे. पिकलबॉलबद्दल काही म्हणाला नाहीत.

मीनल_ओहायो
त्या कॅम्पला फी आहे का? असेल तर ती जाहिरात समजा. माझी मुलगी व्हॉलीबॉल खेळते, आमच्या घरी असल्या मेलांचा पाऊस पडायचा, सगळे तिच्या नावाने. नाव मेल-मर्जमध्ये आपोआप बसतं हो. ज्यांना खरंच रस असतो ते फोन करतात. पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये सोफोमोर (दहावीचं) वर्ष संपल्यावर १५ जूनपासून कोच मुलाशी थेट बोलू शकतात. तुमचा मुलगा ज्युनियर, म्हणजे ती तारीख कधीच उलटली. कुणाचा फोन किंवा टेक्स्ट आलाय का?

सायली_इंडी
फोन नाही आला अजून. फी आहे, पण कॅम्प म्हटल्यावर फी असणारच ना. उंची ६ फूट १, गार्ड. जीपीए चांगला आहे. आणि उंची काढाल म्हणून आधीच सांगते, इथल्याच पर्ड्यू युनिव्हर्सिटीत खेळलेला ब्रेडन स्मिथही सहा फूटच आहे.

हूजियर_काका
ताई, ब्रेडन स्मिथ २०२२चा इंडियाना मिस्टर बास्केटबॉल (राज्यातला सर्वोत्तम हायस्कूल खेळाडू) आहे. सहा फुटांचा माणूस बिग टेनमध्ये खेळतो तेव्हा बाकी सगळं तसं असावं लागतं. पण पर्ड्यूचा विषय काढलात हे बरं केलंत. घरची पोरं कशी घडवावीत ते त्यांचा कोच पेंटर याच्याकडून शिकावं. स्मिथ वेस्टफील्डचा, लॉयर फोर्ट वेनचा, कॉफमन-रेन सेलर्सबर्गचा. २००७ला हमेल, मूर आणि जाजुआन जॉन्सन, तिघेही इथलेच. पेंटर स्वतः मन्सीचा. नाहीतर ब्लूमिंग्टनला, इंडियाना युनिव्हर्सिटीत बघा, २०२५ला नवा कोच आला आणि जवळजवळ सगळी टीम ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) उचलली.

क्रिमझन_अण्णा
आलं का पर्ड्यूपुराण! नवा कोच मार्चमध्ये येतो, तोवर हायस्कूलची मुलं कुठेकुठे साइन करून बसलेली असतात. पोर्टलमधून नाही तर काय भाजीमंडईतून टीम आणायची? २०१८चा मिस्टर बास्केटबॉल लँगफर्ड आणि २०१९चा जॅक्सन-डेव्हिस कुठे गेले ते पण लिहा ना. आणि आमच्या असेंब्ली हॉलमध्ये पाच राष्ट्रीय विजेतेपदांची बॅनर्स आहेत. तुमची किती?

हूजियर_काका
शेवटचं १९८७चं. तेव्हा मी दहावीत होतो. आणि २०१६नंतर तुम्ही बिग टेन कधी जिंकलात?

डेक्कनचा_पम्या
नमस्कार, पुण्याहून. मुलाने जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशी सर्टिफिकेटं नीट जपून ठेवावीत. दहावी-बारावीला खेळाडूंना २५पर्यंत ग्रेस मार्क मिळतात आणि राज्य सरकारी नोकरीत ५ टक्के खेळाडू आरक्षण आहे. आपल्या पुण्याची शिरीन लिमये भारताची कॅप्टन झाली. अमेरिकेत काय ठेवलंय?

खवचट_खान
पम्याशेठ, मुलगा इंडियानात आहे. त्याला तलाठी करायचं नाहीये.

आकडेमोड
इन-स्टेटचा गैरसमज आधी काढून टाका. आपल्याकडे इंजिनिअरिंगला होम युनिव्हर्सिटीचं ७०:३० असायचं, तसं इथे टीमच्या जागांचं नसतं. इन-स्टेट म्हणून एकही जागा राखीव नाही. फायदा असलाच तर एवढाच की कोचला गाडी काढून मॅच बघायला येता येतं. आणि पैशांचा. पर्ड्यूची इन-स्टेट ट्युइशन वर्षाला ९,९९२ डॉलर आहे, २०१२पासून वाढलेली नाही.
आता टीमचा हिशोब. पूर्वी डी-वनला (सर्वात वरच्या स्तराला) १३ स्कॉलरशिप आणि वर काही वॉक-ऑन (स्कॉलरशिपशिवाय खेळणारे) असायचे. जून २०२५ला हाउस सेटलमेंट (खेळाडूंच्या पैशांबाबतच्या खटल्यातली तडजोड) मंजूर झाली. तीत सामील झालेल्या कॉलेजांना आता स्कॉलरशिपची मर्यादा नाही, पण सगळे धरून टीम १५चीच. शेवटची खुर्चीसुद्धा मोजली जाते. त्यात पोर्टलमधून २२-२३ वर्षांचे, कॉलेजात तीन वर्षं खेळून तयार झालेले गार्ड मिळतात आणि बदली केल्यावर वर्षभर बाहेर बसावंही लागत नाही. कोचने १७ वर्षांच्या मुलाची वाट का बघावी? शाळेच्या कोचने डी-थ्री म्हटलं म्हणजे मुलाला कमी लेखलं असं समजू नका.

बाल्टिमोरवाला
असहमत. वरुण राम आठवतो का कुणाला? आमच्या मेरीलँडचा, उंची ५ फूट ९. आधी ट्रिनिटी कॉलेजात डी-थ्री खेळला, मग मेरीलँडला येऊन वॉक-ऑन झाला. २०१५च्या एनसीएए टुर्नामेंटमध्ये (कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत) व्हॅल्पराइझोविरुद्ध शेवटच्या पझेशनला त्याला मुद्दाम डिफेन्ससाठी उतरवलं. त्याने समोरच्याला शॉट घेऊच दिला नाही, ६५-६२ने जिंकलो. आपली मुलं करू शकतात. हात आखडता घेऊ नका, पॅकेज घ्या.

मीनल_ओहायो
त्यात पॅकेज कुठे आलं? उलट तो डी-थ्रीतूनच वर आला ना?

आकडेमोड
शिवाय ते २०१५ होतं.

बाल्टिमोरवाला
जिद्द म्हणतोय मी. तुम्हाला सगळीकडे एक्सेल दिसतं.

हूजियर_काका
वॉक-ऑनचंच बघायचं तर ग्रेडी आयफर्ट, फोर्ट वेनचा. पर्ड्यूला वॉक-ऑन म्हणून आला आणि २०१९ला एलिट एटपर्यंत (शेवटच्या आठांत) गेलेल्या टीमचा स्टार्टर होता. पण ताई, व्हर्सिटीच्या मिनिटांचं उत्तर अजून आलेलं नाही. आणि जीपीए 'चांगला' म्हणजे?

सायली_इंडी
३.९. व्हर्सिटीत सिक्स्थ मॅन (पहिल्या पाचांनंतर उतरणारा) आहे. आमची शाळा ४एमधली (सर्वात मोठ्या शाळांच्या गटातली) आहे, तिथे सिक्स्थ मॅन होणंही सोपं नाही हे काकांना तरी माहीत असेल. एएयू लोकल सर्किट. आणि आम्ही एच-४वर (नोकरीच्या व्हिसावाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर) आहोत, पण त्याचा इथे काही संबंध नसावा.

आकडेमोड
संबंध नसावा?? हे पहिल्या ओळीत लिहायचं!
अॅथलेटिक स्कॉलरशिपला व्हिसा आडवा येत नाही. पण एनआयएलची (खेळाडूने आपल्या नाव-चेहऱ्यावर केलेली) कमाई एच-४वर विसरा, एफ-१वरही (विद्यार्थी व्हिसा) ती मोठी भानगड आहे. झॅक ईडी कॅनडाचा. नॅशनल प्लेअर ऑफ द इयर होऊनही त्याला इथे टीममधल्या इतरांसारखे एनआयएलचे करार करता येत नव्हते. फेडरल मदत, म्हणजे एफएएफएसएवाली, एच-४ला मिळत नाही. इन-स्टेट ट्युइशन लागू होते का, ते प्रत्येक सरकारी युनिव्हर्सिटीच्या रेसिडेन्सी ऑफिसला लेखी विचारा. आणि २१ पूर्ण होतील तेव्हा एच-४ संपतो, तोवर ग्रीन कार्ड नसेल तर एफ-१. म्हणून कुणी प्रेप स्कूलला एक वर्ष जादा करा म्हणालं तर आधी जन्मतारीख बघा. २१ तशीही बहुतेक कॉलेजात असतानाच पूर्ण होतात, ते वर्ष घातलंत की कॉलेजच्या आणखी एक वर्ष आधी उगवतात.

हूजियर_काका
आता बोलता येईल. ३.९, सिक्स्थ मॅन, लोकल सर्किट, सहा-एक. शाळेचा कोच बरोबर सांगतोय. इंडियानात डी-थ्री म्हणजे काय ऐरेगैरे वाटले की काय? टेरे होटचं रोज-हलमन घ्या, इंजिनिअरिंगला तोड नाही. डीपॉ आहे, वॉबॅश आहे (फक्त मुलांचं कॉलेज, चालत असेल तर). अँगोलाच्या ट्राइनने २०२४ला डी-थ्रीची नॅशनल चॅम्पियनशिप जिंकली, फायनल फोर्ट वेनलाच होती. डी-थ्रीत अॅथलेटिक स्कॉलरशिप नसते, पण ३.९वाल्याला मेरिटमधून बरंच मिळू शकतं. खेळाचेच पैसे हवे असतील तर एनएआयए (एनसीएएहून वेगळी, लहान कॉलेजांची संघटना) बघा, मॅरियनचं इंडियाना वेस्लियन त्यातलं मोठं नाव. तिथली मुलं तुमच्या लेकाला धावायला लावतील.
पॅकेज नको. असे घाऊक मेल कोच उघडतही नाहीत. हडलवर (मॅचच्या व्हिडिओंचं ॲप) मॅचचं फुटेज असेलच. त्यातून तीन-चार मिनिटांची क्लिप, त्यात डिफेन्स हवा, नुसत्या थ्री नकोत. दहा-बारा कॉलेजं निवडा आणि पुढच्या मॅचच्या तारखांसकट मेल करा.

मीनल_ओहायो
आणि काउन्सेलरकडून कोअर कोर्सेस (कॉलेजात खेळायला लागणारे ठरावीक विषय) तपासून घ्या. डी-वनला १६ लागतात, त्यातले १० सीनियर वर्ष सुरू होण्याआधी आणि त्या १०मधले ७ इंग्लिश, गणित, सायन्सचे. आता डी-थ्री म्हणताय तरी तपासा, पुढे दार बंद नको.

खवचट_खान
एक निरागस प्रश्न. एएयूच्या कोचला त्या सर्व्हिसकडून काही मिळतं का?

सायली_इंडी
खवचट, आत्ताच विचारलं त्याला. 'छोटंसं रेफरल असतं' म्हणाला.
पॅकेज रद्द. रोज-हलमनचं मुलाला सांगितलं तर म्हणे टेरे होटला कोण राहणार. आता मेलचं. तो ढिम्म हलत नाहीये, म्हणून मीच त्याच्या नावाने लिहून पाठवते आज. चालेल ना?

हूजियर_काका
नाही.

मीनल_ओहायो
अजिबात नाही. सीसीतही राहू नका. आयांनी लिहिलेला मेल कोच पहिल्या ओळीत ओळखतात. त्याला लिहायचा नसेल तर त्याला खरंच खेळायचंय का, हे आधी विचारा.

सायली_इंडी
खेळायचंय हो त्याला! फक्त टाइप करायचं नाहीये.

बाल्टिमोरवाला
वॉक-ऑनचा पर्याय सोडू नका एवढंच म्हणेन.

क्रिमझन_अण्णा
कॅम्पचं बोलावणं नक्की कुणाचं होतं ते सांगितलं नाहीत. लाल (आम्ही) की सोनेरी (पर्ड्यू)?

हूजियर_काका
अण्णा, तुमचे कॅम्प पोर्टलवाल्यांसाठी असतात ना?