क्लिंटन यांच्या काळातली शिलकी तिजोरी: श्रेय कोणाचं, आणि शपथेवरच्या खोट्याचं काय?

हिशेबनीस

अमेरिकेच्या केंद्र सरकारची तिजोरी १९६९ नंतर थेट १९९८ मध्ये शिलकीत आली आणि २००१ पर्यंत सलग चार वर्षं शिलकीत राहिली. त्यानंतर आजतागायत एकदाही नाही. १९९२ साली २९० अब्ज डॉलरची तूट होती. २००० साली २३६ अब्जांची शिल्लक. तरी हा विषय निघाला की रिपब्लिकन मित्र म्हणतात, सगळं त्यांचे पुढारी न्यूट गिंग्रिच यांच्या काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने केलं. डेमोक्रॅट मित्र म्हणतात, सगळं तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी केलं, आणि मोनिका लुइन्स्की या व्हाइट हाउसमधल्या तरुण प्रशिक्षणार्थीशी असलेलं प्रकरण ही त्यांची खासगी बाब होती. मला दोन्ही मान्य नाही.

निकाल काय लागणार हे माहीत नसताना ज्याने मत दिलं आणि त्याची किंमत मोजली, श्रेय त्याचं, असं मी मानतो. ऑगस्ट १९९३ चा अर्थसंकल्प बघा. वरच्या उत्पन्नावरचा कर ३१ वरून ३९.६ टक्क्यांवर, पेट्रोलवर गॅलनमागे ४.३ सेंट जादा, आणि कमी पगाराच्या कामगारांना मोठी करसवलत. प्रतिनिधीगृहात २१८ विरुद्ध २१६. सिनेटमध्ये समसमान मतं पडली आणि उपाध्यक्ष अल गोर यांच्या मताने विधेयक तरलं. दोन्ही सभागृहांत मिळून एकाही रिपब्लिकनने बाजूने मत दिलं नाही. फिलाडेल्फियाजवळच्या मतदारसंघातून पहिल्यांदाच निवडून आलेल्या मार्जरी मार्गोलिस-मेझविन्स्की यांनी शेवटच्या क्षणी होकार दिला, तेव्हा समोरच्या बाकांवरून हात हलवून ‘गुडबाय मार्जरी’ असा घोष झाला. १९९४ साली त्या खरोखरच पडल्या. हा कर आला की मंदी येईल, नोकऱ्या जातील, असं गिंग्रिच तेव्हा छातीठोकपणे सांगत होते. पुढच्या सात वर्षांत दोन कोटींहून जास्त नोकऱ्या वाढल्या आणि बेकारी सुमारे ७ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आली.

आता दुसरी बाजू, त्याच मापाने. जानेवारी १९९८ मध्ये पॉला जोन्स यांनी क्लिंटन यांच्यावर भरलेल्या लैंगिक छळाच्या दिवाणी खटल्यातल्या जबानीत क्लिंटन लुइन्स्की यांच्याशी असलेल्या संबंधांबद्दल शपथेवर खोटं बोलले. एप्रिल १९९९ मध्ये न्यायाधीश सुझन वेबर राइट यांनी त्यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी धरलं. पद सोडताना आर्कान्सामधली त्यांची वकिलीची सनद पाच वर्षांसाठी स्थगित झाली. यात खासगी काही नाही. देशाच्या कायद्यांचं पालन होतंय की नाही हे पाहणं ज्याचं काम, त्याने शपथ मोडली. तिजोरी भरली म्हणून हे माफ होत नाही.

डलासकर

हिशेबनीस, तुम्ही गोष्ट १९९३ लाच थांबवलीत. पुढचं पान उलटा. फेब्रुवारी १९९५ मध्ये क्लिंटन यांनीच मांडलेल्या अर्थसंकल्पात पुढची कित्येक वर्षं दरसाल सुमारे २०० अब्जांची तूट गृहीत धरलेली होती. म्हणजे १९९३ च्या करवाढीने तिजोरी शिलकीत जाईल असं खुद्द व्हाइट हाउसला वाटत नव्हतं. सात वर्षांत तूट शून्यावर आणा, हा हट्ट कोणी धरला? चाळीस वर्षांनी प्रतिनिधीगृह जिंकलेल्या रिपब्लिकनांनी. त्या हट्टापायी सरकार दोनदा बंद पडलं, दुसऱ्यांदा २१ दिवस, आणि लोकांचा राग रिपब्लिकनांनीच सोसला. जून १९९५ मध्ये क्लिंटन यांना टीव्हीवर येऊन स्वतःची दहा वर्षांची योजना जाहीर करावी लागली, ती या दबावामुळेच. १९९६ चा वेल्फेअर कायदा, म्हणजे गरीब कुटुंबांच्या सरकारी मदतीवर मर्यादा घालणारा कायदा, त्यांनी आधी दोनदा नाकारला आणि तिसऱ्यांदा, निवडणूक तोंडावर असताना, सही केली. १९९७ चा समतोल अर्थसंकल्पाचा करार दोघांचा, पण त्याच वर्षी भांडवली नफ्यावरचा कर २८ वरून २० टक्क्यांवर आला तो आमच्या आग्रहामुळे.

आणि किंमत मोजणं हाच तुमचा निकष असेल, तर पहिला मान क्लिंटन यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांना द्या. नवे कर लावणार नाही असं १९८८ च्या अधिवेशनात वचन दिलेल्या माणसाने १९९० साली तूट कमी करण्यासाठी ते मोडलं. नवा खर्च करायचा असेल तर पैसे कुठून येणार ते आधी दाखवा, हा नियम त्या करारातून आला. त्यांनी राष्ट्राध्यक्षपद गमावलं. शिवाय शीतयुद्ध संपल्याने संरक्षणखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळपास ५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आला. ती बचत क्लिंटन यांना आयती मिळाली.

हिशेबनीस

बुश यांना मान द्या? अगदी मनापासून देतो. पण त्यांना शिक्षा कोणी केली हेही सांगा ना. ऑक्टोबर १९९० मध्ये स्वतःच्याच राष्ट्राध्यक्षाच्या कराराविरुद्ध प्रतिनिधीगृहात बंड करणारे पुढारी न्यूट गिंग्रिच होते. म्हणजे १९९० ला विरोध, १९९३ ला विरोध आणि १९९८ ला श्रेय. १९९५ चा दबाव मी नाकारत नाही. तो उपयोगी पडला. पण वाढीव कर आधीच लागू झालेले होते, म्हणून तो दबाव कामाला आला.

मिशिगनची_मावशी

तुम्ही दोघं तिजोरीचाच हिशेब करताय. राष्ट्राध्यक्षाची आर्थिक कारकीर्द म्हणजे फक्त सरकारी जमाखर्च नव्हे. मी डेमोक्रॅट आहे, मतं देत आले आहे, आणि तरी म्हणते की क्लिंटन यांच्या काळातले सगळ्यात मोठे निर्णय कामगारांच्या विरोधात गेले.

नाफ्टा, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला मुक्त व्यापाराचा करार घ्या. करारावर सही थोरल्या बुश यांची, पण नोव्हेंबर १९९३ मध्ये तो प्रतिनिधीगृहातून नेटाने पार केला क्लिंटन यांनी. २३४ विरुद्ध २००. बाजूने १३२ रिपब्लिकन आणि फक्त १०२ डेमोक्रॅट! स्वतःच्या पक्षाच्या बहुसंख्य सदस्यांना बाजूला सारून त्यांनी तो केला. मग २००० साली चीनला कायमस्वरूपी व्यापारी दर्जा. आमच्याकडे मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या गावांत त्यानंतर काय झालं ते इथे राहणाऱ्याला विचारा. कारखाना गेला की आधी गावातलं जेवणाचं हॉटेल बंद होतं, मग शाळेतले वर्ग कमी होतात, मग तरुण मुलं निघून जातात. शिलकीच्या आकड्यात हे कुठे दिसतं?

वेल्फेअर कायद्यावर तर त्यांच्याच आरोग्य खात्यातले वरिष्ठ अधिकारी पीटर एडेलमन यांनी राजीनामा दिला. आयुष्यभरात पाच वर्षांची मर्यादा, मग मंदी असो की आजारपण. तेजी होती तोवर सगळं छान दिसलं. दारिद्र्याचं प्रमाण १५.१ वरून ११.३ टक्क्यांवर आलं, ते खरं आहे आणि त्याचा मला आनंदच आहे. पण मंदीत आधार देणारी व्यवस्था त्या कायद्याने मोडली.

आणि सगळ्यात गंभीर गोष्ट म्हणजे बँका. १९९८ मध्ये ब्रुक्सली बॉर्न या वायदेबाजाराच्या नियामक संस्थेच्या अध्यक्ष सांगत होत्या की डेरिव्हेटिव्ह्जवर, म्हणजे दुसऱ्या कशाच्या तरी किमतीवर बेतलेल्या आर्थिक सौद्यांवर, कोणाचंच लक्ष नाही, काहीतरी करा. अर्थखात्याचे रॉबर्ट रुबिन आणि लॅरी समर्स, आणि फेड या मध्यवर्ती बँकेचे अ‍ॅलन ग्रीनस्पॅन यांनी मिळून त्यांना गप्प केलं. १९९९ मध्ये ठेवी घेणाऱ्या बँका आणि शेअर बाजारात खेळणाऱ्या बँका यांच्यातली १९३३ पासूनची भिंत पाडली गेली. डिसेंबर २००० मध्ये डेरिव्हेटिव्ह्ज नियमनाबाहेर ठेवणारा कायदा झाला. दोन्हींवर सही क्लिंटन यांची. २००८ साली लोकांची घरं गेली तेव्हा त्या शिलकीतला एक डॉलरही कोणाच्या उपयोगी पडला नाही.

येरवडा_ते_एडिसन

मावशी, पटतंय बरंच, पण एक बाजू राहिली. आमच्यासारखी पुण्याहून आलेली हजारो मराठी पोरं याच धोरणामुळे इथे पोचली. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा १९९८ च्या कायद्याने ६५ हजारांवरून १ लाख १५ हजार झाली, २००० साली १ लाख ९५ हजार. वायटूकेचं, म्हणजे २००० साल उजाडताना संगणक बिघडू नयेत म्हणून करायचं काम, डॉट-कॉमची भरती, सगळीकडे माणसं हवी होती. भारतावर पोखरणनंतर निर्बंध लादणारे क्लिंटनच, आणि मार्च २००० मध्ये दिल्लीत संसदेपुढे भाषण करून संबंध पुन्हा जुळवणारेही तेच.

मात्र श्रेयाबद्दल बोलायचं तर मला वाटतं, तुम्ही सगळे राजकारण्यांना जास्तच देताय. इंटरनेट गिंग्रिच यांनीही आणलं नाही आणि क्लिंटन यांनीही नाही. शेअर बाजार फुगला म्हणून भांडवली नफ्यावरच्या कराचा पाऊस पडला. १० मार्च २००० ला नॅसडॅक हा शेअर निर्देशांक ५,०४८ वर बंद झाला, मग कोसळला. मार्च २००१ पासून मंदी. आमच्या ओळखीतली किती कुटुंबं त्या वर्षी सामान बांधून परत गेली!

डलासकर

येरवडा यांच्या मुद्द्याला जोडून. ती शिल्लकही पूर्ण खरी नव्हती. सोशल सिक्युरिटी या सरकारी पेन्शन योजनेत लोकांनी भरलेला जादा पैसा त्यात धरलेला आहे. सरकारचं एकूण कर्ज त्या काळात एकदाही खाली आलं नाही.

हिशेबनीस

सोशल सिक्युरिटी वगळूनही २००० साली सुमारे ८६ अब्जांची शिल्लक होती. एकूण कर्ज वाढलं, कारण त्यात सरकारने स्वतःच्याच निधींना देणं असलेली रक्कम येते. बाहेरच्या लोकांकडून घेतलेलं कर्ज १९९७ ते २००१ या काळात जवळपास ३.८ लाख कोटी डॉलरवरून ३.३ लाख कोटींवर उतरलं.

मावशींच्या बँकांच्या मुद्द्यावर माझ्याकडे बचाव नाही आणि मी तो करणारही नाही. ते निर्णय क्लिंटन यांचे. फक्त १९९९ चा कायदा सिनेटने ९० विरुद्ध ८ मतांनी मंजूर केला, तेव्हा दोष वाटताना रिपब्लिकनांनाही त्यांचा वाटा मिळायला हवा.

सातारकर_वकील

आकड्यांवर बरंच झालं, शपथेबद्दल थोडं नेमकं बोलू. हिशेबनीस ज्या दिवाणी खटल्यातल्या जबानीबद्दल म्हणताहेत, तिच्यावरचं महाभियोगाचं कलम प्रतिनिधीगृहाने २०५ विरुद्ध २२९ असं फेटाळलं. २८ रिपब्लिकनांनी विरोधात मत दिलं. १९ डिसेंबर १९९८ ला मंजूर झाली ती दोन कलमं: ग्रँड ज्युरीपुढची (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढची) खोटी साक्ष आणि न्यायात अडथळा. १२ फेब्रुवारी १९९९ ला सिनेटमध्ये पहिल्यावर ४५ दोषी, ५५ निर्दोष. दुसऱ्यावर ५०-५०. दोषी ठरवायला लागतात ६७. क्लिंटन खोटं बोलले, यात मला शंका नाही. त्यासाठी लोकांनी निवडलेला माणूस पदावरून काढावा का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. न्यायाधीशांनी दंड केला, सनद गेली, क्लिंटन यांनी जोन्स यांना साडेआठ लाख डॉलर मोजले. गुन्ह्याच्या मानाने ही शिक्षा पुरेशी होती.

मिशिगनची_मावशी

पुरेशी कोणासाठी? प्रकरण सुरू झालं तेव्हा लुइन्स्की २२ वर्षांच्या होत्या आणि समोर जगातला सगळ्यात ताकदवान माणूस. वर्षानुवर्षं बदनामी तिची झाली. आमच्या पक्षातल्या बायकांनी तेव्हा तोंड मिटून घेतलं, याची मला अजून चीड येते. सिनेटर क्रिस्टन गिलिब्रँड यांनी क्लिंटन यांनी राजीनामा द्यायला हवा होता असं म्हटलं, ते २०१७ साली!

डलासकर

हेच आम्ही १९९८ ला सांगत होतो, मावशी. चारित्र्य महत्त्वाचं असतं.

हिशेबनीस

सांगत होतात, पण पुढे काय झालं? १९९९ मध्ये सिनेटपुढे क्लिंटन यांच्याविरुद्ध खटला चालवणाऱ्यांत लिंडसे ग्रॅहम होते. पदाची प्रतिष्ठा परत मिळवण्यासाठीच महाभियोग असतो, असा त्यांचा युक्तिवाद. २०२० मध्ये ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगात मात्र त्यांनी दोषमुक्त करायला मत दिलं. खासगी आयुष्यात अनैतिक वागणारा माणूस सार्वजनिक पदावर नीट वागू शकतो, असं २०११ मध्ये ३० टक्के गोऱ्या इव्हँजेलिकल (कट्टर प्रोटेस्टंट ख्रिस्ती) लोकांना वाटत होतं. २०१६ मध्ये ७२ टक्क्यांना. पाच वर्षांत धर्म बदलला नव्हता, उमेदवार बदलला होता.

आमच्या बाजूचे, म्हणजे डेमोक्रॅट, चक शूमर तसेच. त्यांनी क्लिंटन यांच्या बाजूने दोनदा मत दिलं, डिसेंबर १९९८ ला प्रतिनिधीगृहात आणि नव्याने निवडून आल्यावर फेब्रुवारी १९९९ ला सिनेटमध्ये. २०२० मध्ये ट्रम्प यांना दोषी ठरवायचा आग्रह धरणाऱ्यांचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं.

याउलट उदाहरणं आहेत, आणि मला त्यांचंच मोल वाटतं. ५०-५० झालं ते पाच रिपब्लिकनांनी पक्षाविरुद्ध मत दिल्यामुळे. पदावरच्या शेवटच्या दिवशी क्लिंटन यांनी फरार व्यापारी मार्क रिच याला क्षमादान दिलं. त्याची घटस्फोटित पत्नी डेमोक्रॅट पक्षाची मोठी देणगीदार होती. तेव्हा ते लाजिरवाणं आहे असं उघड म्हणणारे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर होते. स्वतःच्याच पक्षाचे.

डलासकर

ग्रॅहम यांच्या २०२० च्या मताचं समर्थन मी करणार नाही. पण म्हणून १९९९ चं त्यांचं म्हणणं खोटं ठरत नाही. ग्रँड ज्युरीपुढे खोटं बोलणारा शिपाई नोकरीवरून जातो, मग राष्ट्राध्यक्ष का नाही? वकीलसाहेब, याचं उत्तर द्या.

सातारकर_वकील

शिपायाला साहेबाने नेमलेलं असतं, राष्ट्राध्यक्षाला सगळ्या देशाने मतदान करून निवडलेलं असतं. नोव्हेंबर १९९८ च्या निवडणुकीत, सगळं प्रकरण चव्हाट्यावर आलेलं असताना, रिपब्लिकनांच्या प्रतिनिधीगृहातल्या पाच जागा कमी झाल्या आणि गिंग्रिच यांना प्रतिनिधीगृहाचं सभापतिपद सोडावं लागलं. लोकांना सगळं माहीत होतं. त्यांनी आपलं मत नोंदवलं होतं.

डलासकर

लोकांनी काँग्रेससाठी मत दिलं, शपथेवर खोटं बोलायची परवानगी दिली नाही. आणि तुमचा नियम मानला, तर लोकप्रिय राष्ट्राध्यक्षावर महाभियोग कधीच चालणार नाही, मग तो कोणत्याही पक्षाचा असो.