मदत हवी आहे : दुकानातून भरलेले शिष्यवृत्तीचे अर्ज आणि मुलींचे पासवर्ड

नमस्कार. मी जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेते आणि नव्याने आलेल्या मुलींना ऑनलाइन अर्ज भरायला मदत करते. यांतल्या बऱ्याच जणी धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, साक्री या तालुक्यांतल्या आहेत. घरात स्मार्टफोन एकच आणि तोही वडिलांकडे किंवा भावाकडे असल्यामुळे प्रवेश, जातीचा दाखला, महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरचा शिष्यवृत्तीचा अर्ज ही सगळी कामे त्यांनी तालुक्याच्या बसस्थानकाजवळच्या दुकानातून करून घेतलेली असतात. माझी अडचण या दुकानांपासून सुरू होते.

अशा एका दुकानात मी एका मुलीसोबत गेले होते. काउंटरवरच्या लांबट वहीत प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव, आधार क्रमांक, युजर आयडी आणि पासवर्ड एका ओळीत लिहिलेला होता, आणि ओळीमागून ओळी पासवर्ड तोच, म्हणजे नाव आणि पुढे १२३. संगणकावरच्या फोल्डरमध्ये आधार, टीसी, पासबुकाचे पहिले पान, फोटो आणि सही एकत्र ठेवलेले होते. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड नावाची पहिली ४ इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष असा असतो, आणि ही दोन्ही माहिती शेजारच्या टीसीवर छापलेली असते, त्यामुळे ते कुलूप असून नसल्यासारखेच आहे. दुकानदारांचा हेतू वाईट आहे असे मी मुळीच म्हणत नाही. पासवर्ड विसरला की मुले त्यांच्याकडेच धावत येतात, म्हणून ते वही ठेवतात.

पण ही माहिती बाहेर गेली तर काय होते, याची मला खरोखर काळजी वाटते. फोन करणारा माणूस नाव, महाविद्यालय आणि बँक बरोबर सांगून ‘तुमची शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, आलेला ओटीपी सांगा’ असे म्हणाला, तर पहिल्यांदाच घराबाहेर पडलेली मुलगी विश्वास ठेवणारच. त्याहून वाईट म्हणजे काही जण महिन्याला थोडे पैसे देऊन विद्यार्थ्यांचे बँक खाते आणि एटीएम कार्ड वापरायला मागतात. त्या खात्यातून फसवणुकीची रक्कम फिरली की खाते गोठते, पोलिसांची विचारणा खातेदाराकडे येते आणि शिष्यवृत्तीही तिथेच अडकते.

सध्या मी मुलींना पासवर्ड बदलायला लावते. खोलीमालकाला किंवा इतरत्र पूर्ण क्रमांकाची गरज नसेल, तर पहिले ८ अंक झाकलेले आधार द्यायला सांगते. आधारवरचे बोटांचे ठसे लॉक कसे करायचे आणि संचार साथी या केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम आहेत ते कसे पाहायचे, हेही दाखवते. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, आणि फसवणूक झाली तर तासाभराचाही विलंब न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करून बँकेला कळवायचे, कारण रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधीच ती अडवता येण्याची शक्यता असते, हे मी वारंवार सांगते.

आता जाणकारांकडून मार्गदर्शन हवे आहे. काही मुलींच्या अर्जात मोबाइल क्रमांकच दुकानदाराचा आहे, त्यामुळे पासवर्ड बदलण्याचा ओटीपीही त्यालाच जातो. चालू अर्जाला धक्का न लावता हा क्रमांक कोणी बदलून घेतला आहे का, आणि त्यासाठी महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागाकडे जावे की समाजकल्याण किंवा आदिवासी विकास विभागाच्या कार्यालयाकडे? आधारला वडिलांचा क्रमांक जोडलेला असेल, तर ते शेतात आणि मुलगी जळगावात, अशा वेळी ओटीपीची सोय आपण कशी करता?

स्वतःचा फोन नसलेल्या मुलीने पासवर्ड कुठे ठेवावा, हाही प्रश्न आहे. माझ्या मते पेटीत कुलूपबंद ठेवलेली तिची स्वतःची वही दुकानातल्या वहीपेक्षा शंभर पटीने बरी, पण याहून चांगला मार्ग असेल तर जरूर सांगावा.

शिवाय अहिराणी, पावरी किंवा भिलोरीत हे सगळे सांगणारी एखादी छोटी ध्वनिफीत कोणाकडे असल्यास कळवावे. ती मला मुलींच्या आईवडिलांनाही ऐकवायची आहे. आणि काम झाल्यावर फोल्डर पुसून टाका, असे दुकानदाराला त्याचा मान राखून कसे सांगावे, याबद्दल दुकान चालवणाऱ्या सभासदांनीच लिहिले तर फार मदत होईल.