१९९ चा टीशर्ट घेताना हात अडखळतो, तुम्ही काय करता?

गंगापूररोडकर
परवा नाशिकला मेन रोडवरून पोरासाठी दोन टीशर्ट घेतले, १९९ ला एक. घरी येऊन उलटा केला तर आतल्या शिलाईला कागदाचा बारीक तुकडा चिकटलेला, त्यावर ४७. बायको म्हणाली असेल कसला तरी नंबर, टाक काढून. पण मी तिथेच अडकलो ना, की १९९ मधून कापड, दुकानाचं भाडं, गाडीभाडं, दोघातिघांचा नफा हे सगळं गेल्यावर शिवणाऱ्याच्या हातात पडतं तरी काय? स्वस्त घेणं बंद करावं म्हटलं तर पोरगं सहा महिन्यात हाताएवढं वाढतं, हजाराचा शर्ट परवडत नाही. की मी उगाच डोक्याला ताप करून घेतोय?

ओव्हरलॉकवाली
दादा तो ४७ म्हणजे कटिंगचा नंबर. कापडाचे थर एकावर एक ठेवून कापतात, त्यातल्या एका थरातला पुढचा भाग, मागचा भाग, बाह्या एकत्रच शिवल्या जाव्यात, नाहीतर रंगाची शेड बदलते. मी अंबडकडे एका युनिटला चार वर्षं ओव्हरलॉकवर, म्हणजे कापडाच्या कडा शिवायच्या मशीनवर होते. अख्खा टीशर्ट कोणीच शिवत नाही, एक बाई दिवसभर खांदेच जोडते, दुसरी बाह्याच. पैसे नगावर. चुकला नग तर उसवून परत द्यायचा, त्याचे पैसे नाहीत, आणि बाथरूमला गेलं तरी नग कमी होतात म्हणून आम्ही पाणीच कमी प्यायचो. आणि महागाचं घेतलं की सुटलो असं समजू नका, त्याच लाइनवर हजाराच्या लेबलचा माल पण यायचा, आमचा रेट तोच.
पण एक सांगते, ऑर्डर आटल्या तेव्हा दोन महिने घरी बसले होते, तेव्हा कोणी स्वस्त कपडे घेऊ नका म्हणालं असतं तर मी भांडले असते.

सिडकोचा_पक्या
मग मोबाईल पण फेकून द्या राव, तो काय देवळात बनतो का 😄

निळी_छत्री
पक्या, हसण्यावारी नको नेऊस. बांगलादेशात ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझा पडली, २४ एप्रिल २०१३, ११३४ माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, खालची बँक आणि दुकानं बंद राहिली पण वरच्या गारमेंटवाल्यांना पगार कापू असं सांगून आत बोलावलं. तेव्हा तिथला किमान पगार महिन्याला ३,००० टका होता. मग जगभर बोंबाबोंब झाली म्हणून मोठ्या ब्रँडनी इमारतींच्या तपासणीच्या कायदेशीर करारावर सह्या केल्या. म्हणजे गिऱ्हाईक ओरडलं की थोडं तरी हलतं. पगाराचं मात्र तिथल्या कामगारांनाच रस्त्यावर उतरून मिळवावं लागलं, २०२३ ला २३,००० मागितले आणि १२,५०० वर मिटवलं.

मालेगाववाला
एवढं लांब कशाला जाता, आपल्याच जिल्ह्यात या. आमच्याकडे पॉवरलूमवर बारा बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर, धागा तुटून माग बंद पडला तर तेवढा वेळ आपल्या खात्यातला. माझे चुलते तीस वर्षं मागावर होते, आता त्यांच्याशी बोलायचं तर कानाजवळ जाऊन ओरडावं लागतं, टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांना ऐकू जातो. शिवणाऱ्याचा विचार तरी कोणी करतं, विणणारा तर कुणाला आठवतच नाही.

गंगापूररोडकर
ताई, पाणी कमी प्यायचो हे वाचून काही सुचलंच नाही. सध्या एवढं ठरवलंय की चारऐवजी दोनच घ्यायचे आणि फाटेपर्यंत वापरायचे. आणि गंमत बघा, पहिल्याच धुण्यात एकाचा खांदा उसवला. दुकानदार बदलून देतो म्हणतोय पण दुरुस्तच करून घेतो. कॉलेज रोडच्या बाजूला अल्टरवाले कोणी चांगले आहेत का?

ओव्हरलॉकवाली
कशाला शोधता, आता घरीच मशीन टाकलंय, सिडकोत. पाठवा इकडे. ३० रुपये घेईन, आणि ते नगाचे नाही हं 😄